फळ्यावरचे सात बळी

क्रिकेट मला कधीच खेळता आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावच्या वाचनालयात एक फळा टांगलेला आहे आणि तो वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. फळ्याच्या माथ्यावर लाल रंगात लिहिलंय, ‘गावचा सर्वकालीन संघ’. खाली अकरा नावं, आणि प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत त्या माणसाचा पराक्रम. सातव्या ओळीत मी आहे. माझ्यापुढे लिहिलंय, ‘राहुरीच्या अंतिम सामन्यात सात बळी’.

ते सात बळी मी घेतलेले नाहीत. त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून वही लिहीत होतो.

आमचं गाव श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून सायकलवर पंधरा-वीस मिनिटांवर. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास गावात घरोघर रंगीत टीव्ही आले आणि त्याबरोबर घरोघर क्रिकेटचे जाणकारही आले. सगळ्यात जास्त जाणकार सापडायचे ते चौकातल्या केशकर्तनालयात. दाढी एकाची चाललेली असायची आणि बाकावर सहा जण बसून आजवरचा सर्वश्रेष्ठ जागतिक संघ निवडत असायचे. ज्यांना खेळताना कोणी पाहिलं नव्हतं अशा पन्नास वर्षांपूर्वीच्या फलंदाजांवरून पोरं एकमेकांच्या अंगावर जायची. त्यातच एक दिवस कोणीतरी म्हणालं, जगाचं राहू द्या, आपल्या गावचा काढा की. बोलणाऱ्याने गमतीत म्हटलं असेल, पण महिनाभरात त्यासाठी रीतसर तीन जणांची निवड समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त क्रीडाशिक्षक घेतले. ते नोकरी संपल्यावर आमच्याकडे राहायला आलेले, त्यामुळे गावात त्यांचं ना कोणाशी भांडण, ना भाऊबंदकी. दुसरा आमचा जुना कप्तान. त्याचं आता खतांचं दुकान होतं आणि पोटही त्याला शोभेल असं झालं होतं. तिसरा मी. मी शाळेत कारकून. माझं अक्षर चांगलं म्हणून कॉलेजच्या दिवसांपासून आमच्या संघाची वही मीच लिहायचो, आणि त्या सगळ्या वह्या माझ्याच माळ्यावर होत्या.

बैठका शाळा सुटल्यावर वाचनालयात व्हायच्या. पहिल्या दोन बैठका तर फार गमतीच्या झाल्या. एक सलामीवीर होता, तो दहा धावांच्या पुढे कधी गेला नाही, पण बाद होऊन परत येताना असा ऐटीत यायचा की लोक टाळ्या वाजवायचे. त्याला घ्यायचं की नाही यावर तासभर खल झाला. ज्याच्या वावरात आमचं मैदान होतं त्याला घेणं भाग होतं. त्याला बॅट कुठल्या बाजूने धरतात हेही नीट माहीत नव्हतं, पण उद्या त्याने तिथे गुरांसाठी घास लावला तर आत्ताच्या पोरांनी खेळायचं कुठे? सरांनी नाइलाजाने त्याला ‘क्षेत्ररक्षक’ म्हणून घेतलं. बाकीच्यांसाठी मात्र त्यांचा नियम एकच होता. ऐकीव चालणार नाही, वहीत असेल ते खरं.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी राहुरीची वही उघडली. चष्मा वर करून एका पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट तिथेच राहिलं. मला कळलं कोणतं पान आहे ते.

“हे सात बळी तुमचे?” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “आणि दोन बैठका झाल्या, तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत?”

त्या पानाची हकीकत अशी. त्याआधी बारा-तेरा वर्षांपूर्वी राहुरीला गावागावांच्या संघांची स्पर्धा भरायची. सीझन बॉल, मॅटिंगची खेळपट्टी, मोठी ढाल. नियम असा की खेळाडू त्याच गावचा पाहिजे, आणि अकरा जणांची यादी सरपंचाच्या सहीशिक्क्यानिशी आधी द्यायची. हा नियम सगळी गावं पाळायची, म्हणजे यादी द्यायची आणि मैदानात यादीतल्या नावावर भलताच कोणीतरी उतरवायची. आमच्याकडे अकरावा खेळाडू नव्हता, म्हणून आकडा भरायला माझं नाव टाकलेलं. अंतिम सामन्याच्या दिवशी कप्तान म्हणाला, “तू नायतरी काय दिवे लावनार हाय? तू वही लिही. तुझ्या नावावर मी एक पोरगा आनलाय.”

तो पोरगा श्रीरामपूरचा, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहणारा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. उंच, काटक, हाताची बोटं लांब. सायकल मारत राहुरीपर्यंत आला होता आणि तरी धापसुद्धा लागलेली नव्हती. त्याला सांगितलं, आज तुझं नाव हे. त्याने माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. दिवसभर आमची पोरं त्याला माझ्या नावाने हाका मारत होती आणि तो दर हाकेला ओ देत होता.

त्याचा चेंडू पडल्यावर आत यायचा. समोरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही कुठून येतोय. पहिला त्रिफळा उडाला आणि मी वहीत ‘गो.’ लिहून पुढे स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या वेळीही लिहिलं. चौथ्या-पाचव्या वेळी काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला आनंद व्हायला लागला. गाव जिंकतंय याचा नव्हे, माझ्या नावापुढे बळी वाढताहेत याचा. सातव्या वेळी मी नाव जरा जास्तच वळणदार काढलं. सातही नावं मी माझ्याच हाताने लिहिली, कोणी माझा हात धरला नव्हता.

ढाल मिळाल्यावर फोटोवाला आला. यादीतलेच अकरा उभे राहा, असं आयोजकांनी फर्मावलं. म्हणजे मला उभं राहणं आलं. माझ्या अंगात चौकड्याचा शर्ट. कप्तानाने त्या पोराला म्हटलं, “जरा तुझा काढून दे रे.” त्याने लगेच बटणं सोडली. तो पांढरा शर्ट पाठीला चिकटेल इतका घामाने भिजलेला होता. मी तो अंगात घातला, कोणीतरी माझ्या हातात चेंडू दिला आणि मी पहिल्या रांगेत मधोमध बसलो. तो बनियनवर फोटोवाल्याच्या मागे उभा राहून आम्हाला “हसा की!” म्हणून सांगत होता. तो ओला शर्ट अंगात असताना मला थोडी किळस आली होती. माणूस किती कोडगा असतो बघा. ज्याच्या घामावर आपण मिरवतोय त्याच्याच घामाची आपल्याला किळस येते.

तर सरांचं बोट त्या पानावर होतं, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी कप्तानाकडे बघितलं. कप्तान खिडकीबाहेर बघत होता.

“जाऊ द्या हो सर,” मी म्हणालो, “जुन्या गोष्टी.”

सरांनी याचा अर्थ नम्रपणा असा घेतला. त्यांचे डोळे अक्षरशः भरून आले. असा माणूस आजच्या काळात सापडत नाही, असं ते कप्तानाला सांगू लागले. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. पण मी त्याहून हुशारी केली. म्हणालो, मीच निवड समितीत, मीच संघात, हे बरं दिसणार नाही. मनात असं होतं की हे मान्य झालं तर नाव आपोआप गळेल आणि कबुलीही द्यावी लागणार नाही. सर म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा. मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी आत बोलावलं आणि एकमताने निवड झाल्याबद्दल सरांनी माझा हात हातात घेतला. खरं सांगायचं तर ओट्यावर उभं असताना मला धाकधूक होती, आणि ती निवड होईल याची नव्हती. होणार नाही याची होती.

परत जाताना कप्तान म्हणाला, “आता त्वांडात मिठाची गुळनी धर. आपन बोगस प्लेयर खेळीवला म्हनून गावभर झालं तर ती ढाल राहुरीला परत काय तुझी आई न्हेऊन देनार का?” मी हसलो. गावाची अब्रू हे मला मोठंच निमित्त मिळालं होतं. पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला तेच सांगत राहिलो.

सरांनी आणखी एक विचारलं होतं. गावातल्या बौद्ध वस्तीतलं एकही नाव यादीत कसं नाही? कप्तान म्हणाला, त्यांच्यात कोणी खेळतच नव्हतं. वही चाळली तर तेच दिसत होतं, आणि सरांना वही पुरेशी होती. त्यांना आम्ही कधी बोलावलंच नाही हे वहीत कुठे लिहिणार? हरायची पाळी आली तेव्हा श्रीरामपूरहून एक उसना आणला आणि त्यालाही माझं नाव चिकटवलं. हे मला त्या बैठकीत सुचलं होतं, असं नाही. पुष्कळ नंतर सुचलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर फळ्याचं उद्‌घाटन ठेवलं. वाचनालयासमोर छोटा मांडव, खुर्च्या, माईक. आम्हा हजर असलेल्या सात जणांना शाल आणि नारळ. माझ्या वेळी सरांनी माईकवर दोन मिनिटं जास्त घेतली आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारा गोलंदाज वगैरे बरंच काही बोलले. बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिला मी खरं सांगितलेलं नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती.

शाल अंगावर घेऊन खाली उतरलो आणि मांडवाच्या कडेला मला तो दिसला.

केस कपाळावर विरळ झाले होते, पण ती उंची आणि ती बोटं लगेच ओळखू आली. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. बरोबर बायको, ठेवणीतली साडी नेसलेली, आणि सातवी-आठवीतली मुलगी, दोन वेण्या घातलेली. मला काही कळेना. मागाहून कळलं ते असं, की तो आता टेम्पो चालवायचा आणि कप्तानाच्या दुकानात खताच्या गोण्या आणून टाकायचा. फळ्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने कप्तानाला विचारलं होतं, “आपलं बी हाय का त्यात?” आणि कप्तानाला नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. “ये की, ये बघायला,” असं म्हणून त्याने गोण्या मोजून घेतल्या होत्या. म्हणून हा माणूस टेम्पो धुऊन, घरच्यांना घेऊन, स्वतःचं नाव बघायला आला होता.

मी दुसऱ्या बाजूने सटकणार होतो. पण तेवढ्यात ते तिघं फळ्यापुढे पोचले होते आणि माझा रस्ता त्यांच्याच जवळून जात होता. मुलगी मोठ्याने वाचत होती. पहिलं नाव, दुसरं नाव, तिसरं. सातव्या ओळीवर आली आणि थांबली.

“पप्पा, राहुरीच्या अंतिम सामन्यात सात बळी. हे तर तुमचं आहे. इथं दुसऱ्याचंच नाव लिहिलंय.”

तो फळ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं, आणि ते आता कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. मग त्याने मला पाहिलं. “जय भीम, भाऊसाहेब,” तो म्हणाला. मी नुसती मान हलवली.

शाल आणि नारळ बघून मुलीला कळलंच मी कोण ते. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. उद्धटपणे नव्हे, शाळेत बाईंना शंका विचारतात तशी. “काका, हे सात बळी तुम्ही घेतले होते?”

आजूबाजूला माणसं होती. चार पावलांवर सर होते. बायको माझ्याकडे येत होती. हे सगळं मी सांगतोय ते सबब म्हणून नाही. तिथे कोणी नसतं तरी मी दुसरं काही बोललो असतो याची मला खात्री नाही.

“हो,” मी म्हणालो. “वहीत तसंच आहे.”

मुलीने वळून बापाकडे बघितलं. तिला ती हकीकत तोंडपाठ असणार. आत येणारा चेंडू, उडालेली दांडी, सगळं. आणि त्या माणसाने माझ्यासमोर, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “आगं, माझाच घोळ झाला. आमची म्याच दुसरीच हुती. मी आपला तुला लहानपनी गंमत म्हनून सांगत व्हतो. हे साहेब लई मोठे बॉलर हुते. नमस्कार कर त्यांना.”

मुलीने वाकून मला नमस्कार केला. मी तो करू दिला.

त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत होती. तिला खरं काय ते माहीत होतं. तिने पदर नीट केला आणि मुलीचा हात धरून टेम्पोकडे चालू लागली. चहा घेऊन जा, असंही कोणी त्यांना म्हटलं नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी बायकोला सांगितलं, श्रीरामपूरला बी-बियाण्याचं काम आहे, आणि बस धरली. मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्या मुलीपुढे बसायचं आणि सगळं सांगायचं. तिला म्हणायचं, तुझे वडील खरे होते, मी खोटा. नंतर सरांकडे जायचं. काय व्हायचं ते होवो.

घर विचारत विचारत सापडलं. तो दारात टेम्पोचं चाक काढून बसला होता. मला बघून हात पुसत उठला, आत खुर्ची टाकायला सांगितली. आतून मुलीचा आवाज येत होता, ती काहीतरी पाठ करत होती. मी खुर्चीत बसलोच नाही. त्याला हळू आवाजात म्हणालो, “मी पोरीला खरं सांगायला आलोय.”

त्याने आत एकदा पाहिलं आणि मला कोपऱ्यावरच्या नळापर्यंत चालवत नेलं.

“भाऊसाहेब, आता नका सांगू,” तो म्हणाला.

“का? मला फार लाज वाटतेय हो. मला झोप येत नाही.”

“ते खरं. पन तुमी आता सांगितलं तर काय व्हईल? त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोललो, आसं व्हईल. आजपत्तूर तिला वाटतंय, बाप जरा फेकत व्हता. पोरं एवढं सोडून देत्यात. पन बाप आपल्या डोक्यावर हात ठिवून कुनाला तरी भ्याला, हे न्हाई सोडत ती.” मग म्हणाला, “तिनं तवापासून मला त्या म्याचचं विचारलं न्हाई. राहू द्या.”

मी म्हणालो, निदान सरांना तरी सांगतो, फळा बदलायला लावतो. तो म्हणाला, “अन् मंग तिला कळनार न्हाई व्हय?”

त्याने आग्रहाने परत नेऊन चहा पाजला. त्याच्या बायकोने कप माझ्या हातात दिला नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवला. मुलगी आतूनच “काका, नमस्कार” म्हणाली आणि पुन्हा पाठ करू लागली. तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. बस लागलेली होती. त्याने खिडकीशी जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिला.

आता जे सांगायचंय ते सांगून संपवतो. बस श्रीरामपूरबाहेर पडली आणि मला एकदम हलकं वाटलं. मी माझ्याकडून गेलो होतो, सांगायला तयार होतो, त्यानेच नको म्हटलं. आता मला कोणाला काही सांगायला नको, फळाही तसाच राहणार, आणि माझ्याकडे दोषही नाही. हे सगळं मी मनात शांतपणे मांडून बघितलं आणि ते मला बरोबर वाटलं. खिडकीतून गार वारा येत होता. महिन्याभरात पहिल्यांदाच मला झोप लागली. इतकी गाढ की माझा थांबा आला तेव्हा कंडक्टरला दंडाला धरून मला उठवावं लागलं.